युद्धसाधने आणि इतिहाससाधने : दुसऱ्या महायुद्धातील लष्करी वाहनांच्या मूळ उपकरणांचे संकलन व जीर्णोद्धार

मराठीत ‘साधन’ या एकाच शब्दाने दोन अर्थ व्यक्त होतात. ज्याच्या योगाने एखादे कार्य सिद्धीस जाते ते उपकरण म्हणजे साधन. आणि ज्याच्या आधाराने गतकाळाविषयी काही निश्चयाने सांगता येते तो पुरावा म्हणजेही साधन. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा दुसरा अर्थ आपल्या अभ्यासकांच्या अंगवळणी पडला आहे. परंतु साधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दप्तरातील रुमालच येतात. पहिल्या अर्थाची साधने, म्हणजे हत्यारे, यंत्रे व अवजारे, ही दुसऱ्या अर्थानेही साधने असू शकतात, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय या दोन अर्थांच्या सीमेवरचा आहे. दुसऱ्या महायुद्धात वापरलेली जीप, मालमोटारी, चिलखती गाड्या व रणगाडे आज जगातील अनेक संग्रहालयांत आणि खाजगी संग्रहांत जतन केलेले आहेत. या वाहनांवर युद्धकाळी जी उपकरणे असत, म्हणजे बिनतारी संच, तारांचे जुडगे, कुऱ्हाडी, फावडी, पाने, पेट्रोलचे डबे, तबकड्या, ती शोधून काढून, दुरुस्त करून पुन्हा जागच्या जागी बसविण्याचा उद्योग गेली काही दशके चिकाटीने चालला आहे. वरवर पाहता हा हौशी लोकांचा छंद वाटतो. परंतु त्यातून दोन प्रश्न उद्भवतात आणि ते दोन्ही इतिहासशास्त्राचे आहेत. उपकरणांवाचून नुसते वाहन पुरावा म्हणून कितपत उपयोगी पडते? आणि जीर्णोद्धाराने हा पुरावा राखला जातो की पुसला जातो? या प्रश्नांचा विचार एका उपकरणाच्या आधारे करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१

लष्करी वाहन कारखान्यातून बाहेर पडले म्हणजे ते पूर्ण झाले असे नसते. त्याबरोबर कोणती वस्तू किती नग असावी आणि ती वाहनाच्या कोणत्या भागात ठेवावी, याच्या छापील याद्या व आकृत्या असत. अमेरिकन जीपच्या सुट्या भागांची अधिकृत सूची ‘जी-५०३’ या क्रमांकाने ओळखली जाते. फावडे व कुऱ्हाड डाव्या बाजूस पट्ट्यांनी बांधलेली, हत्यारे मागील कोपऱ्यांतील कप्प्यांत, पेट्रोलचा जादा डबा पाठीमागे, अशी प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. अंधारात, पावसात आणि गोळीबारात हात न चाचपडता त्या वस्तूवर पडावा, हा या शिस्तीचा हेतू होता. वाहन कसे वापरले गेले हे सांगणारी साक्ष त्याच्या पत्र्यापेक्षा या मांडणीत अधिक आढळते.

युद्ध संपताच प्रथम हीच मांडणी मोडली. बिनतारी संच दळणवळण खात्याच्या कोठारात परत गेले, दुर्बिणी व शस्त्रे स्वतंत्रपणे जमा झाली, आणि रिकामी वाहने लिलावात निघाली. फावडी शेतांवर गेली, पाने मोटारदुरुस्तीच्या दुकानांत गेले, डब्यांत कोणी पाणी भरले तर कोणी रॉकेल. ज्या वस्तूचा नागरी जीवनात उपयोग होता ती वापरून झिजली आणि जिचा उपयोग नव्हता ती वितळविली गेली. परिणामी आज एखाद्या संग्रहालयाच्या अंगणात उभा असलेला रणगाडा पुष्कळदा आतून पोकळ असतो. तोफ आहे, चिलखत आहे, परंतु आतील माणसे काय पाहत होती, काय ऐकत होती आणि कोणत्या वस्तूकडे हात नेत होती, याचा तेथे मागमूस नसतो.

२

या दृष्टीने ब्रिटिश सैन्याच्या ‘वायरलेस सेट क्रमांक १९’ या बिनतारी संचाचे उदाहरण बोधप्रद आहे. केंब्रिज येथील पाय लिमिटेड या कंपनीने १९४० मध्ये रणगाड्यांकरिता या संचाचा आराखडा तयार केला. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि ब्रिटनखेरीज कॅनडा व अमेरिका येथील कारखान्यांतही तो तयार झाला. उत्तर आफ्रिका, इटली, नॉर्मंडी आणि ब्रह्मदेश या सर्व रणक्षेत्रांवर ब्रिटिश व राष्ट्रकुलाच्या चिलखती दलांचा तो कान आणि जिव्हा होता.

एकाच पेटीत तीन कार्ये सामावली होती. ‘ए’ हा विभाग २ ते ८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात चाले आणि काही मैलांवरील तुकडीशी अगर ठाण्याशी बोलण्याकरिता असे. ‘बी’ विभाग सुमारे २२९ ते २४१ मेगाहर्ट्‌झ या अत्युच्च पट्ट्यात चाले. त्याचा पल्ला सुमारे हजार यार्डच, म्हणजे शेजारच्या रणगाड्यापुरता होता. तिसरा विभाग त्याच रणगाड्यातील माणसांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून होता. रणगाड्याच्या आत यंत्राच्या आवाजामुळे हाताच्या अंतरावरील माणसाचे ओरडणेही ऐकू येत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या तिसऱ्या विभागाचे महत्त्व पटते. या तिन्ही विभागांना वीज पुरविण्यासाठी एक स्वतंत्र पेटी असे. वाहनाच्या १२ व्होल्टच्या विजेवर फिरणाऱ्या यंत्रांनी ती सुमारे २७५ व ५०० व्होल्टचा दाब निर्माण करी. शिवाय नियंत्रणपेट्या, कानास लावावयाची श्रवणिका, हाती धरावयाचा ध्वनिग्राहक, एरियलचे दांडे व त्यांची बैठक, आणि या सर्वांस जोडणारे जाड तारांचे जुडगे, एवढा हा परिवार होता. आज नुसता मूळ संच मिळणे तितकेसे दुर्घट नाही. हा परिवार पूर्ण करणे मात्र अतिशय कठीण आहे. संग्राहकाची खरी वर्षे तारांच्या त्या जुडग्याच्या आणि त्यांच्या टोकांवरील जोडण्यांच्या शोधात जातात.

या कष्टांतून इतिहासाला काय मिळते? एक उदाहरण पाहू. ब्रिटिश रचनेनुसार सज्ज केलेल्या शर्मन रणगाड्यात हा संच बुरुजाच्या मागील भागात बसवीत. तो चालविणारा सैनिकच तोफेत गोळे भरण्याचे काम करी. ही गोष्ट पुस्तकांत नमूद आहे आणि आपण ती वाचून पुढे जातो. परंतु सर्व उपकरणे जागच्या जागी बसविलेल्या बुरुजात जो प्रत्यक्ष उभा राहतो त्याला तत्काळ उमगते की, संच जुळविण्यासाठी या माणसाला तोफेकडे पाठ फिरवावी लागत असली पाहिजे. लढाई ऐन भरात असताना संदेश जुळविणे आणि गोळा भरणे ही दोन कामे एकाच देहाच्या दोन विरुद्ध दिशांना होती. संचाच्या चकत्यांवर लाल व निळ्या खुणांच्या दोन कळा होत्या. आधी जुळवून ठेवलेल्या दोन कंप्रतांपैकी कोणतीही एक त्यांच्या साहाय्याने क्षणार्धात लावता येई. नुसत्या यंत्राच्या वर्णनात ही सोय क्षुल्लक वाटते. त्या अडचणीच्या जागी तिचे प्रयोजन ध्यानात येते. तात्पर्य, मांडणी हाच येथे पुरावा असतो. वस्तू सुट्या करून काचेच्या पेटीत ठेवल्या म्हणजे वस्तू उरतात, परंतु हा पुरावा उरत नाही.

३

उपकरणांवरील खुणांचे वाचन हे या अभ्यासाचे दुसरे अंग होय, आणि येथे नाणकशास्त्राच्या किंवा शिलालेखांच्या अभ्यासकास परिचित अशी सावधगिरी लागते. महायुद्धकाळात जीप दोन कारखानदारांनी बांधली. विलिस कंपनीने सुमारे ३,६१,००० आणि फोर्ड कंपनीने सुमारे २,७७,००० गाड्या तयार केल्या. आराखडा एकच असला तरी फोर्डने आपल्या भागांवर, बोल्टांच्या माथ्यांवर व हत्यारांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उठविले. पेट्रोलच्या डब्यांवर निर्मात्याची खूण व वर्ष यांचे ठसे असत. वीस लिटरचा हा डबा मुळात जर्मन सैन्याचा. त्याची रचना इतकी सोयीची होती की, आपल्या गळक्या पत्र्याच्या डब्यांना कंटाळलेल्या ब्रिटिशांनी तो तसाच्या तसा उचलला आणि अमेरिकनांनीही थोड्याफार फरकाने त्याचे अनुकरण केले. शत्रूच्या वस्तूची नक्कल करणे हे युद्धातील गुणग्राहकतेचे मोठे प्रमाणपत्रच म्हणावे लागेल.

परंतु खूण म्हणजे निर्णय नव्हे. कॅनडात तयार झालेल्या क्रमांक १९ च्या अनेक संचांच्या दर्शनी पट्टीवर इंग्रजीबरोबर रशियन लिपीतही अक्षरे आहेत. सोव्हिएत रशियाला दिलेल्या युद्धसाहाय्यात हे संच पाठविण्याची योजना होती. असा संच हाती आला म्हणजे तो रशियन रणगाड्यातून आला असावा, असे अनुमान करण्याचा मोह होतो. वस्तुतः याच दुभाषी संचांपैकी पुष्कळ ब्रिटिश व राष्ट्रकुलाच्या सैन्यांनाही मिळाले आणि युद्धानंतर पश्चिमेकडील शिल्लक मालाच्या बाजारात आले. रशियन अक्षरांवरून संच कोणासाठी घडविला गेला हे कळते. तो कोठे लढला हे कळत नाही. ताम्रपटाच्या सापडण्याच्या जागेवरून दान दिलेल्या गावाचे स्थान ठरविताना आपण जी सावधगिरी बाळगतो तीच येथेही बाळगली पाहिजे.

४

आता जीर्णोद्धाराच्या मूळ अडचणीकडे वळू. वस्तू ‘मूळ’ स्थितीत आणावयाची, असे प्रत्येक जण म्हणतो. परंतु मूळ म्हणजे कोणत्या दिवशीचे मूळ? कारखान्यातून निघाली त्या दिवशीचे, युद्धात उतरली त्या दिवशीचे, की लढाई संपली त्या दिवशीचे? लष्करी कार्यशाळांत वाहने उघडून दहा गाड्यांच्या भागांतून सात गाड्या उभ्या करणे हा नित्याचा व्यवहार होता. फ्रान्समध्ये युद्धानंतर ला माल्तूर्ने येथील लष्करी कारखान्यात कित्येक वर्षे जीप पूर्णपणे सुट्या करून पुन्हा बांधल्या जात. त्यात विलिसचे व फोर्डचे भाग सर्रास मिसळले. आज एखादा जीर्णोद्धारक अशा गाडीतील सर्व ‘परके’ भाग काढून निव्वळ फोर्डचे भाग बसवितो, तेव्हा तो एक देखणी गाडी निर्माण करतो. परंतु त्या विशिष्ट गाडीच्या जीवनक्रमाचा एक अध्याय तो फाडून टाकतो, हेही नाकारता येणार नाही.

इंग्लंडमधील बोव्हिंग्टन येथील रणगाडा संग्रहालयातील ‘टायगर १३१’ या जर्मन रणगाड्याचा इतिहास याच संदर्भात उद्बोधक आहे. तो १९४३ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियात ब्रिटिश सैन्याच्या हाती लागला, १९५१ मध्ये संग्रहालयाकडे आला, आणि १९९० मध्ये सुरू झालेल्या जीर्णोद्धारानंतर २००३ मध्ये स्वतःच्या बळावर चालू लागला. तथापि त्याचे मूळ इंजिन प्रदर्शनासाठी पूर्वीच कापून उघडे केलेले होते. त्यामुळे संग्रहालयातीलच दुसऱ्या, नंतरच्या प्रकारच्या टायगर रणगाड्याचे इंजिन त्यात घालावे लागले. सुरक्षिततेसाठी आधुनिक अग्निशामक यंत्रणाही बसविली गेली. चालणारा टायगर पाहावयास मिळणे हा लाभ लहान नाही. परंतु तो लाभ कशाच्या बदल्यात मिळाला हे नमूद झाले आहे, म्हणूनच या कार्यास शास्त्रीय मोल आहे. याच रणगाड्याच्या पाडावाची तारीख बराच काळ २१ एप्रिल अशी सांगितली जाई. पुढील संशोधनातून ती २४ एप्रिल असावी आणि स्थळही निराळे असावे, असा निष्कर्ष पुढे आला. इतक्या प्रसिद्ध वस्तूबाबतही असे घडते, यावरून वस्तू आणि कागद यांनी एकमेकांस तपासीत राहणे किती आवश्यक आहे हे दिसून येते.

रंगाचीही तीच कथा. ब्रिटिश सैन्याच्या वाहनांचे अधिकृत रंग युद्धकाळात अनेकदा बदलले. १९४२ च्या सुमारास तपकिरी छटा आली आणि १९४४ मध्ये तिची जागा ऑलिव्ह हिरव्या छटेने घेतली. उपकरणाच्या पेटीवरील रंगाचे थर सावकाश उघडले तर त्यांचा क्रम कालानुक्रमाप्रमाणे वाचता येतो. वालुकाझोताने पत्रा लख्ख केला की, हे सारे पुरावे काही मिनिटांत धुळीस मिळतात. आपल्या देवळांतील मूर्तींवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराची पुटे चढतात आणि केव्हातरी ते कवच गळून आतील मूर्ती प्रकट होते. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या देवळांचे दगड तैलरंगाने रंगविलेलेही आपण पाहिले आहेत. भक्ती दोन्ही ठिकाणी असते. इतिहास मात्र एकाच ठिकाणी शिल्लक राहतो.

५

मग मार्ग कोणता? तो आपल्याकडील एका थोर कार्यात आधीच सापडलेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची संशोधित आवृत्ती घ्या. वि. सी. सुखठणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाना प्रांतांतील हस्तलिखिते ताडून संहिता निश्चित केली. परंतु मागाहून शिरलेले श्लोक त्यांनी टाकून दिले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत जपले. संहिता स्वीकारण्याचा अधिकार संपादकाचा, पण नाकारलेला पाठ नष्ट करण्याचा अधिकार कोणाचाच नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

हेच तत्त्व क्रमांक १९ च्या संचास लावून पाहता येईल. युद्धानंतर हे संच स्वस्तात विकले गेले तेव्हा हौशी बिनतारी प्रेषकांनी ते विकत घेतले. त्यांनी लष्करी जोडण्या कापल्या, निरुपयोगी ठरलेला ‘बी’ विभाग उचकटला, आणि घरगुती विजेवर चालण्यासाठी नवे भाग बसविले. जीर्णोद्धारकाच्या दृष्टीने हे क्षेपक होत. ते काढून युद्धकालीन पाठ पुन्हा उभा करणे योग्यच. परंतु ते काढण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे व आकृत्या घेतल्या पाहिजेत आणि काढलेले भाग चिठ्ठी लावून ठेवले पाहिजेत. युद्धोत्तर तुटवड्याच्या काळात सामान्य माणसाने युद्धाच्या यंत्रातून आपले छोटेसे प्रेषणकेंद्र कसे उभारले, याचा तेवढाच पुरावा मागे राहिलेला असतो.

दुसरा नियम बदललेल्या भागांविषयी. या संचांतील कागदी कंडेन्सर काळाच्या ओघात ओल धरून बिघडतात आणि तारांवरील रबर भुगा होऊन गळते. संच चालवावयाचा तर ते बदलणे भाग आहे. कुशल कारागीर जुन्या कंडेन्सरचे आवरण उघडून आत नवा बसवितात व आवरण पुन्हा बंद करतात. दिसावयास सर्व पूर्ववत् राहते. ही कारागिरी प्रशंसनीय खरी. परंतु तिच्यातच धोका आहे, कारण जितकी दुरुस्ती उत्तम तितकी ती पुढच्या अभ्यासकास फसविणारी. म्हणून आतील बाजूस तारीख व खूण असावी आणि नोंदवहीत त्याचा उल्लेख असावा. नव्याने घडविलेले फावडे, पट्टा अगर डबा यांवर जुना ठसा उठविणे, म्हणजे बनावट सनद तयार करण्यासारखेच आहे. हेतू शुद्ध असला तरी कर्त्याच्या पश्चात तो हेतू वस्तूबरोबर राहत नाही.

तिसरा नियम केवळ व्यावहारिक आहे, पण सांगितला पाहिजे. युद्धकाळातील अनेक तबकड्यांवरील चमकणाऱ्या रंगात रेडियम असे. त्याची चमक आता विझली असली तरी किरणोत्सर्ग विझलेला नाही, कारण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. अशा तबकड्या खरवडू नयेत. जुन्या गाड्यांच्या काही भागांत ॲस्बेस्टॉसही आढळते. पुरावा हाताळताना अभ्यासकाने स्वतःही शाबूत राहणे इष्ट आहे.

६

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे, अशी शंका कोणी घेईल. ती निराधार आहे. कॅनडाच्या फोर्ड कंपनीच्या सांगाड्यावर भारतात चिलखती अंग चढवून तयार केलेली ‘इंडियन पॅटर्न’ गाडी युद्धकाळात साडेचार हजारांहून अधिक संख्येने बांधली गेली. टाटांच्या पोलादामुळे सैनिक तिला ‘टाटानगर’ म्हणत. ती उत्तर आफ्रिकेत, इटलीत व ब्रह्मदेशात वापरली गेली. महाराष्ट्रात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही चिलखती दलाची शिक्षणभूमी असून तेथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल यांसारखे महायुद्धकालीन रणगाडे पाहावयास मिळतात. युद्धोत्तर काळात मुंबईत जीपची जुळणी सुरू झाली ती महिंद्र कंपनीकडून. तेव्हा या वाहनांच्या सुट्या वस्तू आपल्या गावांतील वाड्यांत, गॅरेजांत व जुन्या बाजारांत दडून असणे अगदी संभवनीय आहे.

अशी वस्तू दृष्टीस पडली असता विद्यार्थ्याने काय करावे? प्रथम ती घासूनपुसून स्वच्छ करू नये. तिचे मोजमाप घ्यावे, ठसे व रंग नोंदवावेत, छायाचित्र घ्यावे, आणि ती ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे कशी आली हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ते सांगणे चुकीचे असेल, तरीही लिहून घ्यावे. ती वस्तू घराण्याच्या स्मरणात कशी राहिली याचा तो पुरावाच असतो. भंगाराच्या भावाने गेलेल्या वस्तूबरोबर हे सर्व कायमचे जाते.

१९४५ मध्ये अठरा वर्षांचा असलेला सैनिक आज शंभरीच्या घरात आहे. रणगाड्याच्या बुरुजात उभे राहून एका कानाने ठाण्याचा हुकूम आणि दुसऱ्या कानाने यंत्राची घरघर ऐकणारी माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत. त्यांच्या पश्चात हा लाल-निळ्या कळांचा संच, ही दांड्यावर नाव कोरलेली कुऱ्हाड आणि हा पोचे पडलेला डबा एवढेच साक्षीदार राहिले आहेत. या साक्षीदारांना चकचकीत करण्याच्या भरात त्यांचे तोंड बंद करावयाचे, की त्यांची जबानी नीट नोंदवून मगच त्यांस नवे वस्त्र घालावयाचे, याचा निर्णय त्या वस्तूंच्या धन्यांनी आणि आपण अभ्यासकांनी मिळून करावयाचा आहे. राजवाड्यांच्या पिढीने रद्दीत जाणारे कागद वाचविले. भंगारात जाणाऱ्या या साधनांविषयीचे ऋण आपल्या पिढीकडे येते.